मनातलं मराठीत बोलू द्या : नारायणगुड्याचा जाहीरनामा

आम्ही हैदराबादच्या नारायणगुडा, काचीगुडा, बरकतपुरा, हिमायतनगर आणि सुलतान बाजार भागात राहणारी मराठी माणसं जाहीर करतो की, आपल्यातलं कोणाचंही मन आजारी पडलं, खचलं किंवा थकलं, तर त्याला स्वतःच्या भाषेत बोलायला माणूस मिळाला पाहिजे. तो मिळवून देण्याची जबाबदारी आम्ही आजपासून अंगावर घेत आहोत. डॉक्टरांची जागा आम्हाला घ्यायची नाही. डॉक्टरकडे जाण्याआधी अनेक महिने, कधी अनेक वर्षं, माणूस घरात एकटाच झुंजत असतो. औषध सुरू झाल्यावरही त्याचे दिवस त्याच घरात जायचे असतात. या दोन्ही काळांत त्याच्याजवळ बसणारं कोणी नसतं. तिथे आम्ही बसणार आहोत.

हैदराबादची मराठी वस्ती हे भाषेचं बेट आहे. मात्र ते कायमचं बेट नव्हतं. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे हैदराबाद राज्यात होते आणि हे शहर त्यांची राजधानी होतं. शिकायला, नोकरीला, कोर्टकचेरीला माणसं इथेच येत. भाषावार प्रांतरचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, पुष्कळ घरं त्याच्याबरोबर गेली. जी मागे राहिली त्यांच्या चारही बाजूंनी मराठी मुलूख एकाएकी दूर सरकला. आमचे आजोबा-पणजोबा जागचे हलले नाहीत, तरी परप्रांतीय झाले.

त्या पिढ्यांनी या शहरात काय उभं केलं ते आम्ही विसरलेलो नाही. केशवराव कोरटकर आणि वामन नाईक यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने १९०७ साली विवेकवर्धिनी सुरू झाली. उर्दूच्या राज्यात मराठी शाळा चालवणं तेव्हा सोपं नव्हतं. १९२२ साली मराठी ग्रंथ संग्रहालय निघालं. १९३१ चं मराठी साहित्य संमेलन ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या अध्यक्षतेखाली इथेच भरलं. केशवरावांच्या नावाने १९४० साली सुरू झालेली केशव मेमोरियलची शाळा आमच्या नारायणगुड्यातच आहे, आणि आमच्यातले कितीतरी जण तिच्या अंगणात वाढले. शिक्षणाची, वाचनाची, उत्सवाची सोय त्यांनी केली. मनाची सोय राहून गेली. ती आता आम्ही करायची आहे, आणि तीही त्यांच्याच पद्धतीने, म्हणजे वर्गणी काढून, जागा मागून, आठवड्यातले दोन तास देऊन.

या शहराच्या मानसिक आरोग्याच्या इतिहासात मराठवाड्याचा एक धागा आहे, तो फारसा कोणाला ठाऊक नसतो. निजामाच्या काळात संस्थानाचं मनोरुग्णालय जालन्याला होतं. १९५३ साली ते हैदराबादेत एर्रागड्ड्याला आलं आणि आज तिथे सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे. हजारो कुटुंबांना तिने आधार दिला आहे. तरीही आमच्या शहरात कोणाला हिणवायचं असलं की ‘याला एर्रागड्ड्याला पाठवा’ असं लोक सहज बोलून जातात. दवाखान्याचं नाव शिवीसारखं वापरणाऱ्या गावात कोण आपणहून त्या दवाखान्याची पायरी चढेल? या चळवळीत येणाऱ्या प्रत्येकाला आमची पहिली अट आहे ती हीच. आपल्या घरात, मित्रांत, व्हॉट्सअ‍ॅपवर हा शब्द अशा अर्थाने वापरायचा नाही, आणि कोणी वापरला तर तिथल्या तिथे थांबवायचं.

आता विठ्ठलवाडीतल्या एका घराविषयी. आजींचं वय ऐंशीच्या पुढे आहे. उमेदीच्या काळात त्या भाजीवालीशी तेलुगूत भांडत आणि दूधवाल्याशी दखनीत हिशेब करत. स्मृतिभ्रंश सुरू झाला तेव्हा, अशा रुग्णांत पुष्कळदा होतं तसंच, नंतर शिकलेल्या भाषा आधी गेल्या. उरली ती परभणीकडच्या माहेरची मराठी. मुलगा बेंगळुरूला, सून दिवसभर नोकरीवर. सांभाळायला एक तेलुगू मुलगी येते, मायाळू आहे, कामाला चोख आहे. आजी तिला म्हणतात, ‘न्हाणीकडं ने गं मला.’ तिला कळत नाही, ती पाण्याचा पेला पुढे करते. आजी पुन्हा सांगतात, मग ओरडतात, मग लुगडं ओलं होतं आणि दोघी रडायला लागतात. दवाखान्यात सांगताना याचं ‘फार चिडतात, अंगावर येतात’ असं झालं आणि झोपेची गोळी वाढली. शेवटी शेजारच्या काकूंनी एका दुपारी त्या मुलीला काही मराठी शब्द तेलुगू लिपीत कागदावर लिहून दिले: पाणी, भूक, न्हाणी, दुखतंय, भीती वाटते, आई कुठंय. कागद फ्रिजवर चिकटवला. आजींचा आजार बरा झाला नाही, तो होणारही नाही. पण ओरडणं पुष्कळ कमी झालं आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांनी गोळीही कमी केली.

आमचं म्हणणं काय आहे ते या एका कागदात आहे. असा छापील तक्ता, एका बाजूला तेलुगू लिपीत मराठी शब्द आणि दुसऱ्या बाजूला त्यांचा तेलुगू अर्थ, म्हातारं माणूस असलेल्या प्रत्येक मराठी घरात आम्ही मोफत पोचवणार आहोत. ते आमचं पहिलं काम.

बेटाला आणखी एक बाजू असते. इथे सगळे सगळ्यांना ओळखतात. गणपतीच्या आरतीला, चैत्राच्या हळदीकुंकवाला, श्राद्धाच्या पंगतीला तीच माणसं भेटतात. त्यामुळे कोणाचं ऑपरेशन झालं की चार घरांतून डबे येतात आणि रक्त द्यायला पोरं धावतात. आणि त्यामुळेच मनाचा आजार दडवला जातो. नारायणगुड्यात राहणारी माणसं औषध आणायला दिलसुखनगरला जातात, कारण इथल्या दुकानात ओळखीचं कोणी भेटेल. गोळ्यांच्या पट्ट्यांवरची नावं कात्रीने कापून त्या बी-कॉम्प्लेक्सच्या डबीत ठेवल्या जातात. ‘मुलीचं जमेपर्यंत कुठे बोलू नका’ हे वाक्य तर आमच्या घराघरांत बोललं गेलं आहे. मुलीचं जमतं, लग्न होतं, पाळणा हलतो, आणि तोवर घरातल्या मुलाच्या आजाराला दहा वर्षं उलटून गेलेली असतात. आमच्या मते इथल्या मराठी माणसाला उपचारापासून सगळ्यात जास्त अडवते ती ही भीती. डॉक्टर आणि औषध या शहरात मिळतं. चार लोकांना कळण्याची भीती घालवणारं औषध चार लोकांनीच द्यायचं असतं.

म्हणून आमचे नियम या भीतीला धरून केले आहेत. ऐकून घेणाऱ्या प्रशिक्षित कार्यकर्त्याला आम्ही सोबती म्हणणार. सोबती त्याच गल्लीतला, नात्यातला किंवा एकाच मंडळातला नसेल. काचीगुड्याच्या माणसाचं नारायणगुड्याचा सोबती ऐकेल, सुलतान बाजाराचं बरकतपुऱ्याचा. बाईला बाईशी बोलायचं असेल तर बाईच येईल. नावानिशी वही ठेवली जाणार नाही. सोबत्याने आजाराचं नाव ठरवायचं नाही, गोळ्यांत ढवळाढवळ करायची नाही, लग्न कर किंवा मोड असा सल्ला द्यायचा नाही. ऐकलेलं घरी नवऱ्याला किंवा बायकोलाही सांगायचं नाही, आणि ज्याने सांगितलं त्याचं काम त्या दिवसापासून थांबेल, मग तो कितीही ज्येष्ठ असो. गुप्ततेला अपवाद एकच. कोणाच्या जिवाला धोका दिसला तर आम्ही घरच्यांना आणि डॉक्टरांना कळवू, आणि हे पहिल्याच भेटीत समोरच्याला स्पष्ट सांगू. प्रत्येक सोबत्याच्या कामावर मानसोपचार क्षेत्रातल्या जाणत्या माणसाची देखरेख असेल. देखरेखीशिवाय ऐकत राहिलं तर ऐकणाराच कोसळतो.

साध्या माणसांनी हे करावं का, असं विचारणारे आमच्यातही आहेत आणि त्यांची शंका रास्त आहे. गोव्याकडे पाहिलं तर उत्तर मिळतं. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली सुरू केलेल्या ‘संगत’ संस्थेने तिथल्या दवाखान्यांत स्थानिक माणसांना शिकवून समुपदेशक केलं. मानसशास्त्राची पदवी नसलेली, पण गावची भाषा बोलणारी माणसं. २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये त्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. सरकारी आरोग्य केंद्रांत उदासीनतेचे आणि चिंतेचे रुग्ण अशा मदतीने जास्त संख्येने बरे झाले. खासगी डॉक्टरांकडे तसा ठळक फरक दिसला नाही. म्हणजे जिथे रांग मोठी आणि डॉक्टरला वेळ कमी, तिथेच ऐकणाऱ्या माणसाची खरी किंमत. दूर आफ्रिकेत, झिंबाब्वेच्या हरारेमध्ये, डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञाने दवाखान्याबाहेरच्या बाकांवर प्रशिक्षित आज्यांना बसवलं, आणि त्या बाकांवर बसून बोललेल्या लोकांचा त्रास कमी झाल्याचं अभ्यासांतून दिसलं. आज्या आमच्याकडेही पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी दुपारभर एकट्या असतात. त्यांना कोणी काम सांगितलेलं नाही, इतकंच. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून व्यसनी माणसांना आणि त्यांच्या बायकांनाही बोलतं करत आलं आहे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांची ‘आयपीएच’ ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. मराठीत या कामाची भाषा तयार आहे, पुस्तकं आहेत, माणसं आहेत. ती आमच्यापर्यंत आणायची तर एका रात्रीचा रेल्वेचा प्रवास आहे.

देशभराच्या आकड्यांत आम्ही कुठेच दिसत नाही. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. दर दहा प्रौढांमागे साधारण एकाला त्या वेळी मनाचा काही ना काही आजार होता, आणि आजारानुसार सत्तर ते ब्याण्णव टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेले नव्हते. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता आणि तेलंगणही नव्हतं. ज्यांच्या दोन्ही घरांत मोजणी झाली नाही अशी आम्ही माणसं.

कायदा मात्र आमच्या बाजूने आहे, आणि तो वाचून ठेवला पाहिजे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ सालचा, लागू झाला २९ मे २०१८ पासून. सरकारी किंवा सरकारी पैशाने चालणाऱ्या ठिकाणी मानसिक आरोग्याचे उपचार मिळणं हा त्याच्या कलम १८ नुसार प्रत्येकाचा हक्क आहे. कलम २२ म्हणतं की रुग्णाला त्याच्या आजाराची आणि उपचारांची माहिती त्याला समजेल अशा भाषेत मिळाली पाहिजे. कलम ९५ रुग्णाला कुठल्याही प्रकारे साखळीने बांधायला मनाई करतं. ज्याने स्वतःचा जीव घेण्याचा प्रयत्न केला तो तीव्र मानसिक ताणाखाली होता असं कलम ११५ धरून चालतं, आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम राहिलेलंच नाही. तरीही पोलीस केसच्या धास्तीने घरची माणसं अशा वेळी दवाखाना टाळतात. हे सोबत्यांनी घरोघर सांगायचं आहे.

सरकारी दवाखान्यांकडे आमची मागणी या कलम २२ वर उभी आहे. एर्रागड्ड्याची संस्था असो की उस्मानिया रुग्णालय, मराठी रुग्ण आला आणि त्याला तेलुगू किंवा उर्दू नीट येत नसेल, तर दुभाषा द्या. माणसं नसतील तर आम्ही देतो, विनामोबदला, आठवड्याचे दिवस वाटून घेऊन. ‘जीव घाबरा होतो’, ‘अंगात काही राहिलं नाही’, ‘उगाच रडू येतं’, ‘डोक्यात विचार घोंघावतात’ असं आमची बाई बोलते. सोबत आलेला दीर त्याचं ‘चक्कर येते’ एवढंच करून सांगतो, आणि शिवाय तो दीरच तिच्या रडण्याचं कारण असू शकतो. नातेवाईकाला दुभाषा करणं थांबलं पाहिजे.

आमच्यातली तरुण मुलं वेगळ्याच अडचणीत आहेत. हिमायतनगर-नारायणगुडा पट्ट्यात ज्युनिअर कॉलेजं आणि कोचिंगचे वर्ग एकमेकांना खेटून उभे आहेत. आमची स्वतःची मुलं त्यांत आहेतच, शिवाय देगलूर, धर्माबाद, उदगीरकडून आलेली मुलं इथल्या हॉस्टेलांत राहतात. एप्रिल २०१९ मध्ये तेलंगणच्या इंटरमीजिएटच्या निकालात गोंधळ झाला आणि त्यानंतरच्या दिवसांत राज्यात वीसहून अधिक विद्यार्थ्यांचा आत्महत्येने मृत्यू झाला. ती मुलं सगळ्या भाषांतली होती. त्या दिवसांचं दुःख या रस्त्याने जाताना अजून जाणवतं. दर वर्षी निकालाच्या आठवड्यात आमचे सोबती हॉस्टेलांत फिरतील, आणि ज्या घरी निकाल लागायचा आहे त्या घरच्या आई-वडिलांशी निकालाआधी बोलतील. नंतर बोलून उपयोग नसतो. मुलाच्या मनात मरणाचे विचार येत असतील असं वाटलं तर त्याला सरळ विचारा. विचारल्याने विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने तो एकटा राहत नाही. मग त्याला एकटं सोडू नका, डॉक्टरकडे न्या, आणि टेलि-मानसच्या १४४१६ क्रमांकावर दिवसा-रात्री कधीही फोन करा. ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली ही सरकारी सेवा मोफत आहे आणि मराठीतही आहे. तेलंगणातून फोन लावल्यावर पलीकडून तेलुगू ऐकू आली म्हणून ठेवून देऊ नका, मराठी हवी असं सांगा.

माधापूर, गच्चीबावलीच्या कंपन्यांत पुण्या-नागपूरहून आलेली मुलंमुली आणि आम्ही जुने हैदराबादी यांची गाठ जवळजवळ पडतच नाही. ती पीजीच्या खोलीत एकटी, आमच्याकडची म्हातारी माणसं तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटी. दोघं एकाच शहरात, एकाच भाषेत एकटी आहेत. मेट्रो आता नारायणगुड्यापर्यंत येते. रविवारी या, आजोबांशी बुद्धिबळ खेळा, आजींच्या हातची पोळी खा. याला उपचार म्हणायची गरज नाही.

हे बेट एका जातीचं नाही, हेही इथे लिहून ठेवतो. सांगलीच्या खानापूर, आटपाडी भागातले सोन्या-चांदीचे गलाई कामगार आहेत, भट्टीच्या धगीत बारा तास काढणारे, गावी वर्षातून एकदा जाणारे. आरे मराठा, आरे कटिका, भावसार घरं आहेत, ज्यांच्या पिढ्या तेलंगणात गेल्या आणि ज्यांची मराठी पुण्याच्या कानाला वेगळी लागेल. आम्हाला ती मराठीच आहे. सोबती निवडताना या सगळ्या घरांतून निवडले जातील, आणि शुद्ध बोलण्याची परीक्षा कोणाचीही घेतली जाणार नाही.

देवधर्माबद्दल आमच्यात पुष्कळ चर्चा झाली. कोणी म्हणालं, गाणगापूरला नेणं बंद करा म्हणून सांगा. आम्ही तसं सांगणार नाही. गाणगापूरला जा, तुळजापूरला जा, नामपल्लीला युसुफैन बाबांच्या दर्ग्यात मन हलकं होत असेल तर तिथेही जा. श्रद्धेने माणसाला बळ मिळतं हे आम्ही आपल्याच घरांत पाहिलं आहे. पण जाताना गोळ्या बरोबर न्या, आणि माणसाला बांधून ठेवणाऱ्या जागी एक रात्रही ठेवू नका. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण पळू न शकल्याने जळून मेले. तिथे त्यांना त्यांच्या माणसांनी बरं व्हायलाच नेऊन ठेवलं होतं. गुजरातेत मीरा दातारच्या दर्ग्यात डॉक्टर आणि मुजावर यांनी मिळून दवा आणि दुआ एकत्र चालवून दाखवली आहे. आम्ही भटजी, गुरव आणि मुजावर यांच्याकडे हात जोडून जाऊ आणि त्यांना एवढंच मागू, की तुमच्याकडे आलेल्या माणसाला डॉक्टरकडेही पाठवा.

आमच्या जुन्या संस्थांना विनंती आहे. ग्रंथालय, साहित्य परिषद, शाळा, उत्सव मंडळं, तुमच्याकडे जागा आहे आणि लोकांचा विश्वास आहे. आठवड्यातून एका संध्याकाळी एक खोली द्या, जिला आतून कडी लागते आणि जिच्या बाहेर आमच्या कामाची पाटी नसेल, म्हणजे आत जाणारा पुस्तक बदलायला आलाय की बोलायला, हे कोणाला कळणार नाही. गणेशोत्सवाच्या दहा व्याख्यानांत एक मनाच्या आजारावर ठेवा, आणि ते आजारातून गेलेल्या माणसाला बोलू द्या.

आम्ही कोणाकडून फी घेणार नाही. कुठल्या पक्षाचा, औषध कंपनीचा किंवा खासगी इस्पितळाचा पैसा घेणार नाही. हिशेब दर पाडव्याला सगळ्यांसमोर वाचला जाईल.

दर रविवारी सकाळी सात वाजता आम्ही नारायणगुड्याच्या मेलकोटे पार्कात बसू. डॉक्टर आणि स्वातंत्र्यसैनिक असलेल्या मेलकोट्यांच्या नावाची ती बाग या कामाला योग्य आहे. ज्यांना बोलायचं आहे त्यांनी या, ज्यांच्या घरी कोणी आजारी आहे त्यांनी या, आजारातून उठलेल्यांनी तर यावंच. आम्हाला आत्ता सगळ्यात जास्त गरज आहे ती मराठी आणि तेलुगू दोन्ही चांगल्या बोलता येणाऱ्या माणसांची, जी आठवड्यातली एक सकाळ दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागात रुग्णाशेजारी बसून काढतील. तुम्ही त्यांतले असाल तर येत्या रविवारी नाव नोंदवा.